अमुकपूर

दिवसा मी इंदरगंजच्या कोर्टाबाहेर, लिंबाखाली,
दुसऱ्यांची शपथपत्रं टाइप करते.
'शपथपूर्वक कथन करता हूँ' हे चार शब्द
माझी बोटं झोपेतसुद्धा बिनचूक मारतात.
रात्री शपथ न घेता लिहिते.
सही करत नाही.

साइटचं नाव अमुकपूर समाचार.
तिथला महापौर दर गुरुवारी एकाच पुलाचं उद्घाटन करतो
आणि पूल अजून नदी शोधतोय.
तिथल्या गाढवाला नगरभूषण मिळालंय,
कारण सभेत तेवढंच वेळेवर आलं होतं.

पहिल्याच महिन्यात मुळ्ये वकीलबाईंकडे गेले.
म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे.
त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला,
पुन्हा घातला आणि मला नीट बघितलं.
मैत्रिणीला सांग, म्हणाल्या,
नाव घेऊ नकोस. आडनाव तर नकोच,
अर्धं लष्कर अजून आडनावांवरच जेवतं.
कुणाची बायको, कुणाचा आजार, कुणाची जात
हसायला घेऊ नकोस, तो विनोदच नव्हे.
आरोप करशील तर कागद ठेव.
कागद नसेल तर गाढवाच्या तोंडून बोल,
पण ते गाढव आहे हे लांबून दिसू दे.
खरी बातमी समजून कुणी पुढे पाठवली
की तुझी गंमत संपली, त्यांची सुरू.

मग खालच्या आवाजात:
खरं बोलणं हा बचाव आहे, बेटा.
तो मांडायला मात्र बारा वर्षं
तारखांना उभं राहावं लागतं.
फी घेतली नाही. मैत्रिणीकडून घेईन म्हणाल्या.

तेव्हापासून दुसरा फोन, दुसरं नाव,
आणि फोटो एकही नाही. फोटोच्या पोटात गल्लीचा पत्ता असतो.
कोर्टाच्या सुट्टीत मुद्दाम लिहायचं नाही.
आमच्या फीडरची लाइट गेली
की अमुकपूरही मुकं व्हायचं,
हे एका पोराने चहाच्या टपरीवर बोलून दाखवलं.
मी त्याच्या शेजारीच कप धरून उभी.
तेव्हापासून दोन लेख आधीच लिहून ठेवते.
'येऊन राहिलाय', 'करून राहिलाय'
एकेक वेचून काढते, तांदळातल्या खड्यांसारखं,
आणि पुण्याच्या पेपरात शोभेल असं मराठी लिहिते.
ते माझं नाही. म्हणूनच बरं.

नोटीस अजून आली नाही.
पण शहरातल्या चार जणांनी
छातीला हात लावून सांगितलंय,
ते गाढव म्हणजे मीच.

बाबा मिलमध्ये हिशेबनीस होते. मिल गेली, हिशेब राहिले.
संध्याकाळी मलाच मोबाइलवरून वाचून दाखवतात.
कोण मेला लिहितो, म्हणतात आणि
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात.
मी पोळ्या लाटते, पाठमोरी.
पाठीला चेहरा नसतो हे किती चांगलं.

परवा मात्र मधेच थांबले.
'यांचं शहाणपण खुंटीला टांगलेलं.'
एकदा वाचलं. मग परत, न हसता.
तवा तापत होता.
आईला जाऊन सहा वर्षं झाली
आणि हे तिचंच होतं, फक्त तिचं,
वीजबिलवाल्यापासून देवापर्यंत सगळ्यांना लावायची.
खडे वेचताना मला ते दिसलंच नव्हतं.

बाबांनी फोन पालथा ठेवला.
म्हणाले, भाजीत मीठ जास्त झालंय.
आणि जेवून, हात धुऊन, दारातून:
जो कोणी आहे ना तो,
जपून राहायला हवं त्याने.

रात्री ती ओळ काढून टाकली.
तिथे दुसरी घातली, बरी होती, कुणाचीही असती.

आज बाबा तोच जुना लेख उघडून बसलेत.
अंगठा वर जातो, खाली येतो,
पुन्हा वर.
विचारत नाहीत काही.
मी पोळी उलटते.